जिंकत आलेल्या माणसाचा राजीनामा

बुद्धिबळात राजीनामा हरणाऱ्याने द्यायचा असतो. राजा आडवा करायचा, समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि चहा मागवायचा. हे मला नवव्या वर्षापासून ठाऊक आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात नेवासे तालुक्यातून साळवे गुरुजींचं कार्ड आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि मग बायकोकडून मोठ्याने वाचून घेतलं. ‘आमचा राजीनामा स्वीकारावा. डाव आपण जिंकलात. लोभ आहेच, तो असू द्यावा.’ एवढंच. आणि डाव काय होता? माझा एक उंट केव्हाच गेलेला, वजीर कोपऱ्यात अडकलेला, राजा उघड्यावर. आणखी सात-आठ कार्डांत माझी मात ठरलेली. अशा वेळी जिंकत आलेला माणूस राजीनामा देतो! मी सुन्न झालो.

मी नाशिकला एका सरकारी कचेरीत कारकून आहे, पण तो पोटापाण्याचा भाग झाला. खरं म्हणजे मी खेळाडू आहे. मैदानावरचा नव्हे, चटईवरचा. कॅरम, सोंगट्या, पत्ते, बुद्धिबळ, बसून खेळता येईल ते सगळं मला प्रिय आहे आणि कुठलाही नवा खेळ निघाला की त्याच्याबद्दल मत दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सहा वर्षांपूर्वी एका मासिकात ‘पत्राने बुद्धिबळ खेळू इच्छिणाऱ्यांनी पत्ते कळवावेत’ अशी विनंती छापून आली आणि त्यातून मला साळवे गुरुजी मिळाले. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, घोडेगावपासून तीन मैलांवरच्या खेड्यात राहणारे. (गावाचं नाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे.) मी एका कार्डावर एक खेळी लिहायची, त्यांनी दुसऱ्या कार्डावर उत्तर द्यायचं. सहा वर्षांत तीन डाव झाले होते आणि हा चौथा. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, पुढे सांगायला तोंड उरणार नाही. कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावर अभ्यंकर बसतात. ते जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळलेले आहेत. गुरुजींचं कार्ड आलं की मधल्या सुट्टीत मी ते त्यांच्यापुढे सरकवत असे. डबा खाता खाता ते खेळी सांगत आणि संध्याकाळी मी ती कार्डावर लिहून खाली माझी सही ठोकत असे. याला मी चर्चा म्हणत होतो. तरीही आम्ही हरत आलो होतो. ‘हे गुरुजी भयंकर आहेत हो,’ असं अभ्यंकर कौतुकाने म्हणत.

राजीनाम्याच्या आधी घडलेली गोष्ट एकच होती. बायकोच्या अमेरिकेतल्या मामेभावाने एका नव्या खेळयंत्राचं रंगीत जाहिरातपत्रक पाठवलं होतं. टेलिव्हिजनला जोडायची एक पेटी, तिला दोन खटक्यांचे डबे, आणि एवढ्यावर घरबसल्या बारा खेळ! मुंबईत टेलिव्हिजन सुरू होऊन चार महिने झाले नव्हते. मी तो एकदा दुकानाच्या काचेतून पाहिला होता. पण मत द्यायला काय लागतं? मी दोन कार्डं भरून गुरुजींना मतं कळवली. पडद्यावर ना माणूस ना मोहरं, नुसता एक पांढरा ठिपका आणि दोन फळकुटं. टेनिस म्हणून जे दाखवलं आहे ते खिडकीवर आपटणाऱ्या माशीसारखं दिसतं. मैदान दिसायला हवं असेल तर रंगीत प्लॅस्टिकचा कागद काचेवर चिकटवायचा, खेळ बदलला की कागद बदलायचा. भुताच्या घराचा खेळ आहे, त्यात निम्मं काम पत्तेच करतात. आणि कहर म्हणजे गुण यंत्र मोजत नाही, ते आपणच कागदावर लिहायचे! मग यंत्र करतं काय?

कार्डाच्या तळाशी दोन ओळींची जागा उरली, तेव्हा काहीतरी चांगलं लिहावं म्हणून लिहिलं : ‘एक गोष्ट मात्र पटली. खटके दोघांच्याच हातात, ठिपका पळता, तेव्हा तिसऱ्याने कानात कुजबुजायची सोय नाही. पटावर दुसऱ्याच्या अकलेने खेळतो त्याला मी चोर म्हणतो.’ आणि खाली नेहमीसारखी माझी सही ठोकली.

त्याचं उत्तर म्हणून राजीनामा आला. गुरुजी आजारी असतील, असं मला वाटलं. अभ्यंकर म्हणाले, ‘जाऊन या. असा माणूस हातचा घालवू नका.’ बायको म्हणाली, ‘माझ्या भावाच्या लग्नाला दोन दिवसांची रजा मिळाली नव्हती.’ मी आठ दिवसांची रजा टाकली.

संगमनेर

सिन्नर मागे पडलं तसा एस.टी.च्या खिडकीतून दिसणारा रंग एकच राहिला. पावसाळा कोरडा गेल्याचं पेपरात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि ज्वारीच्या दिवसांत मैलोगणती उघडी ढेकळं बघणं वेगळं. रस्त्याकडेच्या कडुनिंबांच्या खालच्या फांद्यासुद्धा शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेल्या. संगमनेरला प्रवरेच्या पात्रात पाण्याची एक रेघ होती आणि तिच्या कडेला बायकांची रांग.

मुक्काम एका साध्या खाणावळीत केला. आमच्याकडे पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी पुढे येतं. इथे मालकीणबाईंनी आधी गुळाचा खडा दिला आणि मग अर्धा पेला पाणी. मला ते कद्रूपणाचं वाटलं. न्हाणीघरात भरलेली बादली दिसली, तेव्हा धुळीने माखलेला मी गोदाकाठच्या सवयीने ती पुरी डोक्यावर ओतून बाहेर आलो. बाई दारातच उभ्या होत्या.

‘पाव्हनं, ती बादली तीन खोल्यांची हुती,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता धक्का होता. त्यांना माझा आणि मला माझाच.

शेजारच्या खोलीतल्या दोघांनी त्या दिवशी तोंड धुतलं नाही आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. जेवताना मी डोळे वर केले नाहीत. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आग लागेल अशी पातळ आमटी, पण वाढताना बाईंनी हात आखडला नाही. मेहेरबानी परत करावी म्हणून मी त्यांना अमेरिकेचं पत्रक दाखवलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं.

‘ह्यो ठिपका खाली पडला म्हंजी कुठं पडतो?’

‘कुठेच नाही. दिसेनासा होतो.’

‘आन मंग तुमी परत आनता कुटनं?’

‘खटका दाबायचा.’

‘येवढं सोपं?’ बाई हसल्या आणि ताट उचलून गेल्या. माझ्या दोन कार्डांत एवढं नेमकं मत एकही नव्हतं.

नेवासा

श्रीरामपूरवरून नेवाशाला पोचेपर्यंत दुपार झाली. पुढची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. नदीकडच्या एका देवळाच्या पायरीवर दगडातच नवकंकरीचा (तीन सोंगट्या एका रेषेत आणल्या की कंकरी) पट कोरलेला दिसला आणि मला माहेर भेटलं. दोन म्हातारे खड्यांनी आणि लिंबोळ्यांनी खेळत होते. भोवती सहा-सात माणसं उकिडवी बसलेली.

मी शेजारी टेकलो आणि थोड्याच वेळात माझा जीव वरखाली व्हायला लागला. खेळणारे दोघे होते, पण खेळत होते सगळेच! ‘तितं नगं, कोपऱ्यात घाल.’ ‘आरं, त्याची कंकरी व्हतीय, आडव की.’ एकाने तर सरळ वाकून म्हाताऱ्याची लिंबोळी उचलली आणि दुसऱ्या घरात ठेवली. म्हातारा म्हणाला, ‘हां, ह्ये बरं झालं.’ नाशिकच्या आमच्या क्लबात असं कोणी केलं असतं तर त्याला चपला घालायला लावल्या असत्या. मला राहवेना.

‘आजोबा, खेळतंय कोण? तुम्ही की हे?’

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. ‘हात माजा हाय,’ तो म्हणाला. ‘डोकं समद्यांचं.’

मी तिथून उठलो. या तालुक्यात खेळाची रीतच बिघडलेली आहे, साळवे गुरुजींसारखा माणूस इथे एकटा पडला असेल, असं मनाशी म्हणत मी धर्मशाळा गाठली. किती शहाणा होतो मी!

घोडेगाव

घोडेगावला उतरलो तो नेमका जनावरांच्या बाजाराचा दिवस. एवढी जनावरं मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती, आणि एवढी शांतताही. शिंगं रंगवलेली, पण बरगड्या मोजता येतील अशी खोंडं. चारा नाही म्हणून विकायला आणलेली आणि चारा नाही म्हणूनच कोणी न घेणारी. एक माणूस आपल्या गाईच्या तोंडापुढे रिकामा हात धरून उभा होता आणि ती तो चाटत होती. मी मान फिरवली. पत्रकातले ते गुळगुळीत रंग खिशात होते, त्यांची मला लाज वाटली.

दोन दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा करत होते. ओठ मिटलेले, नजर तिसरीकडेच. हे मात्र मला पटलं. मधे कोणाला तोंड घालता येत नाही. त्यांतला एक मोकळा झाला तसं मी त्याला साळवे गुरुजींच्या गावाची वाट विचारली. चाळिशीचा, दणकट, मिशीवर धूळ बसलेला माणूस.

‘कुनीकडनं आलाव?’

‘नाशिकहून.’

त्याचे हात जागच्या जागी थांबले. ‘नाशिक? म्हंजी आमचं नाशिक? मागल्या पावसाळ्यात हत्ती सोडून उंट मारला, त्ये नाशिक?’

ती खेळी माझी होती. म्हणजे अभ्यंकरांची होती. ती या जगात गुरुजी आणि आम्ही दोघे यांच्याखेरीज कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं आणि घोडेगावच्या बाजारात एक बैलांचा दलाल मला ती तोंडावर सांगत होता!

‘मी नामदेव,’ तो म्हणाला. ‘गुरुजींच्या शेजारचा. त्या उंटानं चार दीस झोप घालवली बगा आमची.’

‘आमची?’

नामदेवने जीभ चावली. चेहरा पडला. ‘त्ये गुरुजीच सांगतील,’ म्हणाला, आणि बैलगाडीत मला पुढची चांगली जागा देऊन स्वतः मागे पाय सोडून बसला. मीही पुढे काही विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटायला लागली होती.

गुरुजींची ओसरी

साळवे गुरुजी उंच, काटकुळे, धुवट सदऱ्यातले. काचा इतक्या जाड की डोळे कुठे बघतात ते कळू नये. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांच्या घरच्या बाईंनी हुलग्याचे शेंगोळे वाढले. लसणीचा वास, बोटांएवढ्या वळ्या, वर तेलाची धार. ‘दुष्काळात हुलगाच इमान राखतो,’ असं म्हणत त्या वाढतच राहिल्या. मी दोन वाट्या खाल्ल्या तरी चव कळली नाही, कारण समोर बाकावर पट होता.

बाभळीच्या लाकडाची मोहरी, हातांनी कोरलेली. सहा वर्षांचं तेल बसून पांढरी पिवळट आणि काळी अधिकच काळीभोर झालेली. आणि डाव जिथे थांबला होता तसाच मांडलेला. माझा उघडा राजा, माझा अडकलेला वजीर. कोणी एक प्यादंही हलवलं नव्हतं.

जेवण झालं तसे गुरुजी ताठ बसले. वर्गात उभं राहून सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

‘माझी नजर चार वर्षांपूर्वीच अधू झाली. कार्ड डोळ्यांशी धरलं तर अक्षर लागतं, पण पट दिसत नाही. त्याआधीपासूनच तुमचं कार्ड मी या ओसरीवर मोठ्याने वाचत असे. ऐकायला माणसं यायची. नामदेव यायचा. शेवंताबाई यायच्या, त्यांचा मुलगा पलटणीत आहे, त्याची पत्रं वाचून घ्यायला. मग त्या पटाकडे बघत थांबायला लागल्या. पुढे पुढे मी नुसता लेखनिक उरलो. तुमच्या प्रत्येक खेळीवर इथे आठ-आठ दिवस बोलणं चालतं. आम्ही चौघे-पाच जण तुमच्या एकट्याशी खेळत होतो. आम्हाला यात काही वावगं वाटलंच नाही. इथे सगळे खेळ असेच खेळतात.’

बोलताना त्यांचा आवाज खाली आला.

‘मग तुमचं ते कार्ड आलं, अमेरिकेच्या खेळाचं. मी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. सगळे हसत होते. शेवटची ओळ वाचली आणि ओसरी गप्प झाली. तुम्ही ओळखलं होतं. पण आमचं नाव न घेता, यंत्राच्या आडून सांगितलंत, हा तुमचा मोठेपणा. त्या दिवशी चूल पेटली तरी कोणी घरी गेलं नाही. नामदेव म्हणाला, आपल्याला आजवर कोणी चोर म्हटलं नव्हतं. मग सर्वांनी मिळून ठरवलं.’

माझे कान तापले. मी काय लिहिलं होतं? रिकामी जागा भरायला लिहिलेल्या दोन ओळी! त्याही अभ्यंकरांच्या टेबलावरून उठून आल्यावर लिहिलेल्या. आणि या माणसांनी त्या छातीला लावून घेतल्या, हातातला डाव सोडला आणि वर मला मोठेपणा दिला.

तिथल्या तिथे मी बोलायला हवं होतं. ‘गुरुजी, मीही दुसऱ्याच्याच अकलेने खेळतो’, एवढंच वाक्य. ते जिभेवर आलंसुद्धा. पण जे बाहेर पडलं ते असं : ‘छे छे, मी तुमच्याबद्दल लिहिलं नव्हतं. राजीनामा परत घ्या.’

‘दिला म्हणजे दिला,’ गुरुजी म्हणाले.

खडीच्या कामावर

सकाळी नामदेवबरोबर मी दुष्काळी कामावर गेलो. अर्धं गाव तिथेच होतं. माळावर दगडांचे ढीग, प्रत्येक ढिगापाशी एक माणूस आणि हातोड्यांचा न थांबणारा आवाज. बायकांनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. मला तिथे धुतलेल्या कपड्यांत उभं राहणं जड गेलं.

शेवंताबाई पन्नाशीच्या, बुटक्या, पदर कमरेला खोचलेल्या. नामदेवने ‘नाशिक आलंय’ म्हणून सांगितलं तशा त्या उठल्या आणि त्यांनी मला खाली वाकून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारच्या भाकरीच्या वेळी सगळ्यांनी पत्रक मागितलं. ज्या खेळाने एवढं रामायण घडवलं, तो आहे तरी कसा? नामदेवने ते बैलाचे दात बघावेत तसं जवळून पाहिलं. ‘दोन फळ्या आन येक ठिपका. ह्यात कसब कुटं हाय? चपळाई हाय. कसब न्हाई,’ असा निकाल दिला. एक म्हातारी म्हणाली, ‘काचंला कागद चिकटवायचा आन त्येला मैदान म्हनायचं? मंग माज्या चुलीला मी बंगला म्हंते.’ हशा पिकला. शेवंताबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पत्रकावरून चिंधीचं बोट फिरवत होत्या.

‘मारलेलं मोहरं कुटं ठिवत्यात?’ त्यांनी विचारलं.

‘यात मोहरी नसतात.’

‘मंग हरला त्याला कळायचं कसं, काय काय गेलं त्ये?’ त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि मला परत दिली. ‘नगं बाई आसला डाव.’

मी पुन्हा राजीनाम्याचा विषय काढला. नामदेवने मान हलवली. पण शेवंताबाई म्हणाल्या, ‘डाव आर्दा टाकू ने. नाशिक हितं आलंयच, तर येकास येक बसून पुरा करू. समोरासमोर. मंग त्येंच्या मनात बी काय ऱ्हायचं न्हाई आन आपल्या बी.’

सगळ्यांना हे पटलं. मलाही पटल्याचं मी दाखवलं. पटावर मी एकटा, अभ्यंकर पन्नास कोसांवर. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडणार होतं आणि हे त्या माळावर माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

पाठी

चारला काम सुटलं. हातपाय न धुताच, धुवायला होतं काय, शेवंताबाई ओसरीवर येऊन पटापुढे बसल्या. गावाच्या बाजूने त्याच खेळणार, याबद्दल चर्चाही झाली नाही. मी समोर बसलो. मग गुरुजींनी सांगितलं, ‘आता कोणी कुजबुजायचं नाही,’ आणि पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. गुरुजी, नामदेव, दोन शेतकरी, त्या म्हातारीसकट सगळे उठले, वळले आणि आमच्याकडे पाठी करून ओसरीच्या काठावर रांगेने बसले. कोणाची नजरसुद्धा पटावर पडू नये म्हणून! गुरुजींना तर पट दिसतही नव्हता, तरी तेही पाठमोरे बसले.

मी पटाकडे पाहिलं. डाव अवघड होता, पण अभ्यंकरांनी निघताना म्हटलं होतं की अजून थोडा जीव आहे. तो कुठे आहे ते मला दिसेना. कार्डावर आठ दिवस मिळत. इथे ती बाई माझ्याकडे शांतपणे बघत होती. मी घोडा हलवला. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत घोड्याकडे. जणू मी चुकून हलवला असेन आणि परत घेईन, अशी वाट पाहिली. मग हत्ती पुढे सरकवला. मी प्यादं ढकललं. त्यांनी भुवया उंचावल्या. तिसऱ्या खेळीला मी माझा वजीर स्वतःच्या हाताने मारात ठेवला. पाचव्या खेळीला मात.

मी राजा आडवा केला. बाभळीच्या लाकडाचा तो आवाज झाला तरी एकही पाठ हलली नाही. शेवंताबाई खुशीत नव्हत्या. त्या माझं तोंड निरखत होत्या.

‘येक इचारू का?’ त्या हळू म्हणाल्या. ‘राग मानू नका. कार्डावर खेळतो त्यो मानूस तुमी न्हाई.’

ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. पाठी तशाच राहिल्या. पण नामदेवचे खांदे ताठ झाले आणि गुरुजींची मान किंचित कलली. सहा वर्षं ज्याची एकेक चाल घोळवली, तो माणूस समोर नाही हे त्या बाईला पाच खेळ्यांत कळणार कसं नाही? मला पळून जावंसं वाटलं. तरी तोंड उघडलं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी नाही. अभ्यंकर म्हणून एक आहेत माझ्या कचेरीत. अवघड खेळ्या सगळ्या त्यांच्या. सोप्या पण त्यांच्याच. मी फक्त लिहितो.’

आता सगळे वळले. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नामदेवचं तोंड उघडंच राहिलं. त्याला चोर म्हणणारा चोर समोर बसला होता आणि त्याला राग यायच्या आधी विश्वासच बसत नव्हता. गुरुजी चाचपडत पुढे आले आणि बाकाला धरून उभे राहिले.

‘म्हणजे आमचा राजीनामा...’ ते म्हणाले.

‘माझा घ्या,’ मी म्हटलं.

‘राजीनामा कुनाचाच नगं,’ शेवंताबाई म्हणाल्या. त्या मोहरी परत जागेवर मांडायला लागल्या होत्या, पांढरी माझ्या बाजूला, काळी स्वतःकडे. मांडता मांडता थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता खरंच दुखावल्याचा भाव होता, पण तो माझ्यासाठी नव्हता. ‘आवं पन त्यो मानूस कसा म्हनायचा? सा वर्सं आमच्यासंगं खेळला. आमी त्याच्या चालींनी जागलो. आन येकदा बी आमाला नमस्कार कळवला न्हाई?’

कळवला होता. दर कार्डाच्या वेळी, डबा बंद करता करता, अभ्यंकर न चुकता म्हणत, ‘गुरुजींना माझा नमस्कार लिहा हं.’ मी मान हलवत असे. त्यांचा नमस्कार लिहिला की त्यांचं नाव लिहावं लागलं असतं. कार्डावर जागा उरली नाही, असं मी स्वतःला सांगत असे आणि त्याच कार्डावर जगातल्या यच्चयावत खेळांबद्दल माझी मतं लिहीत असे.

‘कळवला होता,’ मी शेवंताबाईंना म्हटलं. ‘दर वेळी कळवला होता.’